घरगुती गीतसंकलने आणि नामाभिधानाचा प्रश्न

निरनिराळ्या ध्वनिमुद्रिकांतून गाणी वेचून घरोघरी तयार केलेल्या सीडी आज जतनासाठी संगणकावर उतरविल्या जात आहेत. अशा वेळी प्रत्येक गाण्यास कोणते नाव द्यावे, हा वरकरणी क्षुल्लक प्रश्न उभा राहतो. वस्तुतः तो संहिताचिकित्सेचा प्रश्न आहे, असे प्रस्तुत टिपणाचे प्रतिपादन आहे.

१९८२ साली बाजारात आलेल्या सीडीच्या मूळ रचनेत गाण्यांच्या नावांना स्थानच नव्हते. कोणते गाणे कोठे सुरू होते, याची सेकंदाच्या १/७५ अंशापर्यंतची नोंद तेवढी तीवर असते. सीडीडीबी, म्युझिकब्रेन्झ यांसारखे कोश या आरंभस्थानांच्या मालिकेवरून तबकडी ओळखतात. व्यापारी तबकडीच्या असंख्य प्रती एकसारख्या असल्याने तेथे ही युक्ती साधते. घरगुती संकलनाचा क्रम एकमेव असल्याने येथे ती बहुधा निष्फळ ठरते. ध्वनीच्या ठशावरून ओळखण्याची पद्धत अधिक समर्थ खरी. परंतु ती ध्वनिमुद्रण ओळखते, त्यामागील रचना नव्हे. १९०२ साली कलकत्त्यास ध्वनिमुद्रण करताना गोहरजान गाण्याच्या अखेरीस स्वतःचे नाव उच्चारीत, आणि त्यावरून हॅनोव्हरच्या कारागिरांना तबकडी ओळखता येई. तेथे नाव ध्वनीच्याच पोटात होते. येथे ते बाहेरून चिकटवावे लागते.

१९९६ साली रूढ झालेल्या आयडी३ या नामपट्टीत 'शीर्षक', 'कलावंत' व 'अल्बम' यांस प्रत्येकी ३० बाइट दिलेले होते. मराठी भावगीत मात्र कवी, संगीतकार व गायक या तिघांचे असते. १९५५-५६ मध्ये पुणे आकाशवाणीवरून प्रसारित झालेल्या 'गीतरामायणा'ची ५६ गीते प्रथम विविध गायकांनी गाइली. पुढे ती सुधीर फडके यांनी स्वतः गाइली. 'गीतरामायण – सुधीर फडके' या नोंदीतून फडके गायक की केवळ संगीतकार, हे कळत नाही. आपण 'माडगूळकरांचे गीत, फडक्यांची चाल' असे म्हणतो, तेव्हा संबंध स्पष्ट होतो. नामपट्टीत नामे शेजारी बसतात, संबंध लोपतो. युनिकोडच्या यूटीएफ-८ पद्धतीत देवनागरीचे प्रत्येक चिन्ह ३ बाइट व्यापते, म्हणून 'ग. दि. माडगूळकर' हे नाव त्या चौकटीत 'ग. दि. माडगू' एवढ्यावरच तुटते. कवीचे नाव अशा रीतीने अर्धे नाहीसे व्हावे, हे बोलके आहे.

१९९८ च्या सुधारित आवृत्तीत गीतकार व संगीतकार यांस स्वतंत्र रकाने मिळाले. तेव्हा आता दोष यंत्राचा नसून आपल्या अनास्थेचा होय. शीर्षक म्हणून मुखड्याचे शब्द द्यावेत, तिघांची नावे आपापल्या रकान्यात लिहावीत, आणि जे निश्चित ठाऊक नाही तो रकाना रिकामा ठेवावा. अंदाजाने लिहिलेले नाव प्रतीमागून प्रत होत पुढील अभ्यासकाच्या हाती पुरावा म्हणून येते; रिकामा रकाना निदान शोधास वाव तरी ठेवतो.