डायलिसिस रुग्णांचे उपचारसातत्य आणि समुपदेशन : एक चिकित्सक विचार

प्रस्तावना

मूत्रपिंडे कायमची निकामी झालेल्या रुग्णासाठी डायलिसिस हा आयुष्याशी जोडला गेलेला उपचार असतो. १९६० मध्ये सिएटल येथे बेल्डिंग स्क्रिबनर यांनी रक्तवाहिन्यांना जोडून ठेवता येणारी नळी विकसित केली आणि हा उपचार दीर्घकाळ देणे शक्य झाले. त्याबरोबरच एक नवा प्रश्नही निर्माण झाला. यंत्र रक्त शुद्ध करते, परंतु दोन सत्रांमधील पथ्य रुग्णालाच पाळावे लागते. ठरलेली सत्रे, पाण्याचे प्रमाण, मीठ, पोटॅशियम व फॉस्फरस यांवरील मर्यादा आणि नियमित औषधे अशी ही चौफेर शिस्त आहे. ती टिकावी म्हणून समुपदेशनाची शिफारस केली जाते. या शिफारशीमागील गृहीतकांची चिकित्सा करणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

आज्ञापालन की सातत्य?

वैद्यकीय लेखनात पूर्वी 'कम्प्लायन्स' हा शब्द रूढ होता. त्यात वैद्याने सांगावे व रुग्णाने ऐकावे असा भाव आहे. जागतिक आरोग्य संघटनेने दीर्घकालीन उपचारांविषयीच्या २००३ च्या अहवालात 'अ‍ॅडहिअरन्स' ही संज्ञा स्वीकारली आणि रुग्णाच्या संमतीला तिच्या व्याख्येत स्थान दिले. विकसित देशांतही जुनाट आजारांतील उपचारसातत्य सरासरी ५० टक्क्यांच्या आसपास असल्याचे याच अहवालात नमूद आहे. म्हणजेच पथ्य मोडणे हा अडाणी किंवा बेफिकीर रुग्णांचाच दोष आहे, असे मानण्यास आधार नाही.

आपल्याकडे मात्र शब्द बदलला, तरी दृष्टी फारशी बदललेली दिसत नाही. 'रुग्ण ऐकत नाही' हे वाक्य आजही सहज उच्चारले जाते. समुपदेशन म्हणजे समजावून सांगणे आणि ते न पटल्यास भीती घालणे, असा त्याचा अर्थ घेतला जातो. १९८० च्या दशकात विल्यम मिलर यांनी मांडलेली व पुढे स्टीफन रोलनिक यांच्यासह विकसित केलेली प्रेरणात्मक मुलाखतीची पद्धत नेमकी याच्या उलट आहे. तीत बदलाची कारणे समुपदेशक सांगत नाही, ती रुग्णाच्या तोंडून यावी लागतात.

उपदेशाच्या मर्यादा

'पाणी कमी प्या' हा सर्वांत प्रचलित सल्ला याचे उत्तम उदाहरण आहे. तहान ही प्रामुख्याने शरीरातील मिठामुळे लागते. लोणचे, पापड, फरसाण तसेच ठेवून केवळ पाणी तोडण्यास सांगणे म्हणजे रुग्णाला त्याच्या शरीराविरुद्ध उभे करणे होय. सैंधव चालते हा समजही तपासावा लागतो, कारण तेही मुख्यतः सोडियम क्लोराइडच असते. उपवासाच्या दिवशी बटाटा, रताळे व शेंगदाणे यांतून मोठ्या प्रमाणावर पोटॅशियम पोटात जाते. त्याचे रक्तातील प्रमाण वाढल्यास हृदयाची गती अचानक बिघडू शकते. छापील आहारतक्ता हातात देऊन हे साधत नाही. घरात स्वयंपाक कोण करते, एकादशी कोण धरते, ताटात काय येते, हे विचारणे हीच समुपदेशनाची सुरुवात ठरते.

दुसरी मर्यादा मानसिक अवस्थेची आहे. डायलिसिसवरील रुग्णांत नैराश्याचे प्रमाण लक्षणीय असते. खचलेल्या मनाला माहितीचा आणखी भार पेलवत नाही. डॅनियल क्युकोर व सहकाऱ्यांच्या २०१४ च्या अभ्यासात बोधात्मक वर्तन उपचारामुळे नैराश्य कमी झाले आणि द्रवपदार्थांवरील नियंत्रणही सुधारले. सहभागी रुग्णांची संख्या साठच्या आत असल्याने हा निष्कर्ष सावधपणे स्वीकारावा लागेल. तथापि त्याची दिशा महत्त्वाची आहे.

चुकलेले सत्र कोणाचे?

अमेरिका, युरोप व जपानमधील रुग्णांविषयीच्या २००३ च्या डॉप्स अभ्यासात सत्रे चुकविणाऱ्या रुग्णांत मृत्यूचा धोका सुमारे ३० टक्क्यांनी अधिक आढळला. त्यामुळे सत्र चुकणे ही बाब क्षुल्लक नाही. परंतु भारतात आठवड्याला तीनऐवजी दोनच सत्रे घेणारे रुग्ण पुष्कळ आहेत आणि हा निर्णय अनेकदा खर्चाने घेतलेला असतो. २०१६ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात घोषित झालेला राष्ट्रीय डायलिसिस कार्यक्रम आणि महाराष्ट्रातील महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना यांमुळे उपचाराचा भार हलका झाला. मात्र तालुक्याच्या गावाहून येण्याचे भाडे, बुडालेली मजुरी आणि सोबत येणाऱ्या माणसाचा दिवस यांचा हिशेब उरतोच.

अनेक संशोधने समुपदेशनापूर्वी व नंतर प्रश्नावली भरून घेतात आणि गुण वाढल्याचे दाखवितात. तुलनागट नसेल व निष्कर्ष रुग्णाच्या कथनावरच आधारलेला असेल, तर त्यातून ज्ञान वाढल्याचे कळते, वर्तन बदलल्याचे नव्हे. दोन सत्रांमधील वजनवाढ, फॉस्फरसची पातळी व प्रत्यक्ष हजेरी ही मोजमापे जोडली पाहिजेत. सत्र चुकण्याचे कारणही नोंदविले पाहिजे. बस नसल्याने न आलेल्या रुग्णाला 'असहकारी' ठरविणारे संशोधन त्याच्यावर दुहेरी अन्याय करते.

समारोप

समुपदेशनाची उपयुक्तता नाकारण्याचे कारण नाही. आक्षेप आहे तो व्यवस्थेतील उणिवा रुग्णाच्या इच्छाशक्तीच्या नावावर मांडण्याला. समुपदेशकाने पथ्याइतकेच प्रवास, रोजगार, शासकीय योजनेची कागदपत्रे व कुटुंबातील श्रमविभागणी यांकडे लक्ष दिले पाहिजे. त्यासाठी वैद्यकीय समाजकार्यकर्ता, आहारतज्ज्ञ व परिचारिका यांचे एकत्रित कार्य आवश्यक आहे. मानसशास्त्र, समाजकार्य, गृहविज्ञान व अर्थशास्त्र हे विभाग एकाच महाविद्यालयात अनेकदा शेजारी असतात. या प्रश्नावर त्यांनी एकत्र अभ्यास हाती घेतल्यास आंतरविद्याशाखीयतेला खरा आशय प्राप्त होईल. रुग्ण ऐकत नाही असे म्हणण्यापूर्वी आपण त्याचे किती ऐकले, हा प्रश्न अशा अभ्यासाच्या आरंभी असावा.