धुरानं राखलेलं घर

कोकणातलं ओस पडलेलं घर पाहायचं तर मागच्या दारानं आत शिरावं. पुढचं दार कुलपात असतं, त्याची किल्ली नेमकी कोणत्या चुलतभावाकडे आहे यावर घराण्यात एकमत नसतं, आणि पुढच्या दाराला आल्यागेल्यासमोर मिरवायची जुनी खोडही असते. मागचं दार भाबडं. न्हाणीघर, दगडी डोण, जळणाची खोप, चूल अशा घराच्या खऱ्या राबत्या प्रदेशात ते आपल्याला थेट नेऊन सोडतं. राजापूर तालुक्यातलं आमचं आजोळचं घर वैशाखात पाहिलं ते असं, कडी गळून पडलेल्या मागच्या दारानं. आपणही तिथूनच आत जाऊ.

डोळे अंधाराला सरावण्याआधी नाक जागं होतं. चूल विझून तपं उलटली, तरी धुराचा वास भिंतीत मुरून राहिलेला आहे. मग हळूहळू वरचे वासे दिसू लागतात, आणि त्यांचा रंग पाहून आपण थबकतो. हा कुजण्याचा काळा नव्हे. शेणी, ऐनाची लाकडं, नारळाची सोडणं, सुक्या झावळ्या असं पिढ्यान्‌पिढ्या जळत आलेलं सारं वर चढत गेलं, लाकडाच्या रंध्रारंध्रात भिनलं, आणि त्यातून हा गडद, तकतकीत, बोट फिरवावंसं वाटणारा काळा उमटला. चुलीवरच्या माळ्यावर भातबियाण्याच्या मुड्या ठेवत. पेंढ्यात गुंडाळून दोरीनं घट्ट आवळलेलं ते पुढच्या सालाचं शेत पावसाच्या चार महिन्यांत दमट होऊ नये, त्याला कीड लागू नये, ही जबाबदारीही धुराचीच. इरली, सुपं, रोवळ्या, टोपल्या, बांबूचं जे जे म्हणून घरात होतं, ते सगळं या धुरानं टिकवलं.

आता आपण इथून ओटीकडे नुसती मान वळवून पाहू. ओटीवरचे खांब फणसाच्या लाकडाचे, कमळाच्या पाकळ्या कोरलेले; घराची सगळी हौस तिथे खर्ची पडलेली. आणि भुंग्यानं नेमके तेच पोखरले आहेत. खांबाच्या पायथ्याशी पिठासारखा भुस्सा साचलेला, तुळईवर वाळवीची मातकट वाट चढत गेलेली. स्वयंपाकघरावरचा बेढब, ओबडधोबड, कोणी कधी वाखाणला नसेल असा वासा मात्र ठणठणीत. जिथवर चुलीचा धूर पोचत होता, तिथवर घर शाबूत आहे! वास्तुशास्त्राच्या कुठल्याही पोथीपेक्षा या एका छपराखाली मला अधिक समजलं. अर्थात या धुराचं कौतुक करताना तो आधी कुणाच्या डोळ्यांत आणि छातीत जात होता, हेही आपण विसरू नये. वाशांना कवच चढलं, ते फुंकणीवर वाकलेल्या बायांच्या खोकल्याच्या मोलानं.

माजघरात उजेडाचा एकच चौकोन आहे, छपरातल्या काचेच्या कौलातून उतरलेला. तो सकाळी पश्चिमेच्या भिंतीवर असतो, मग सरकत सरकत कणगीच्या जागेवरून जातो आणि दुपार कलल्यावर जात्यापाशी येतो. घड्याळ नसलेल्या घरात भात कधी चढवायचा हे या कवडशाला विचारत असणार. बाकीची कौलं मंगलोरी. मंगळुरात बासेल मिशननं १८६५ साली कौलांचा कारखाना काढला, पुढे ती लाल, चपटी, खाचेत खाच बसणारी कौलं गलबतांतून कोकणच्या बंदरांत उतरू लागली आणि कुंभाराच्या नळीच्या कौलांना मागं सारून घराघरावर चढली. एकमेकांचा हात धरल्यासारखी ती रिपांवर बसलेली असतात. पण वानराच्या एका उडीनं एक जरी सरकलं, तरी तिथून झिरपणारं पाणी पहिल्या पावसात वासा भिजवतं, पुढच्या पावसात मातीची भिंत. म्हणून मृगाआधी दरवर्षी शाकारणी व्हायची. जमीन शेणानं सारवली जायची, भिंतीला गिलावा मिळायचा. हे सारं थांबल्यावर घर कोणत्या क्रमानं ढासळतं ते इथे उघड वाचता येतं: सारवण पहिल्याच उन्हाळ्यात भेगाळतं, मग कौलं, मग रिपा, मग भिंती. वस्तीच्या घरात ही रोजची डागडुजी आपल्या नजरेतून सुटते. ती थांबली की प्रत्येक हाताचं काम आपापल्या जागी वेगळं दिसू लागतं, आणि ओस घरात रेंगाळण्याचा रस मला तरी याच दिसण्यात सापडतो.

ओटीवरून खाली उतरताना पायऱ्या मोजू नका, त्यांची उंची न्याहाळा. माजघर सर्वांत वर, त्याखाली ओटी, त्याखाली पडवी, शेवटी खळं. भाताचे भारे घेऊन येणारं कूळ कुठवर चढायचं हे या उतरंडीनं ठरवलेलं होतं. देखणी आहे ती, आणि निर्दयही. १ एप्रिल १९५७ ला कुळकायद्यानं कसणाऱ्याला मालक मानलं, तेव्हा या पायऱ्यांचा अर्थ हळूहळू पुसट झाला, कणग्या रिकाम्या पडत गेल्या. मुलं मुंबईच्या वाटेला त्याआधीच लागली होती. सातबाऱ्यावर आज इतकी नावं आहेत, की घर विकायलाही कोणाला जमत नाही. बरं झालं म्हणायचं का? मी तर म्हणेन.

जोतं जांभ्याचं, आणि त्याला काहीही झालेलं नाही. खाणीतून निघताना चिरा हत्यारानं सहज तासता येतो आणि वारा-ऊन खाऊन कठीण होत जातो. मलबारात हा प्रकार पाहून फ्रान्सिस बुकॅनननं १८०७ मध्ये तो नोंदवला. आमच्या पाथरवटांना त्याची नोंद कधी करावी लागली नाही, त्यांनी घरं बांधली. चिऱ्यांवरचे तासणीचे तिरके घाव अजून स्पष्ट आहेत. एका रांगेत ते उजवीकडे झुकलेले, पुढच्या रांगेत डावीकडे. गडी बदलला असेल, किंवा तोच गडी दुपारनंतर जागा बदलून बसला असेल.

मागचं आगर मात्र उघड्या पुस्तकासारखं वाचता येतं, असं म्हणायचा मोह आवरून मी सरळ झाडांकडे वळतो. पोफळी आधी गेल्या, कारण त्यांना उन्हाळाभर शिंपणं हवं आणि विहिरीवरचा रहाट थांबलेला. हापूसच्या कलमावर बांडगुळं माजली आहेत. रातांब्याला कुणाचीच गरज पडलेली दिसत नाही. तो लालभडक फळांनी लगडलाय, खाली सडाच पडला आहे. आणि गोठ्याच्या भिंतीला खेटून असलेला फणस! बुंध्यापासून फांदीपर्यंत फळं, वरची वानरांनी फोडलेली, खालची पिकून दरवळत असलेली. हा बरका की कापा, हे सांगायला घरात कोणी उरलेलं नाही. तेव्हा येताना खोबरेलाची बाटली नि कोयता आठवणीनं आणावा, हातांना तेल चोपडून फळ फोडावं, आणि चीक लागला तर लागू द्यावा. आमचा बरका निघाला, आणि काय गोड!