इतिहासाच्या पानांतलं घर

घर, नोकरी आणि मुलं सांभाळणाऱ्या बाईला सलग वाचायला मिळत नाही. स्वयंपाक उरकल्यावर थोडं, मुलीच्या क्लासबाहेर बसून थोडं, रात्री डोळे मिटेपर्यंत थोडं. अशा वाचनात पुस्तकाचीच परीक्षा होते. मध्येच हाक आली, पुस्तक मिटलं, दोन दिवसांनी उघडलं, तरी जे पुन्हा हात धरून आत नेतं ते खरं. गेल्या महिन्यात या परीक्षेला तीन कलाकृती उतरल्या: लक्ष्मीबाई टिळकांचं 'स्मृतिचित्रे', मौलाना अबुल कलाम आझादांचं 'गुबार-ए-खातिर' आणि श्याम बेनेगल यांची 'भारत एक खोज' ही मालिका. तिन्हींचा आमच्या नगरशी, म्हणजे आताच्या अहिल्यानगरशी, जवळचा संबंध आहे. म्हणूनच मी त्या एकत्र घेतल्या होत्या. पण महिनाअखेर लक्षात आलं की त्यांना जोडणारा धागा गावापेक्षा खोल आहे. मोठ्या कार्यासाठी घराबाहेर पडलेला माणूस आणि मागे राहिलेलं घर, हा या तिन्हींच्या पोटातला विषय आहे.

'स्मृतिचित्रे' मी पूर्वी वाचलं होतं, पण तेव्हा मी आई नव्हते. १९३४ ते १९३६ या काळात चार भागांत प्रसिद्ध झालेलं हे आत्मकथन लिहिणाऱ्या लक्ष्मीबाई शाळेत गेल्या नव्हत्या. लग्नानंतर त्या लिहायला-वाचायला शिकल्या. पुस्तकाच्या सुरुवातीलाच त्यांचे वडील नाना गोखले आणि त्यांचं सोवळं येतं. १८५७ नंतरच्या धरपकडीत एका वडीलधाऱ्या नातलगाला फाशी झाली आणि त्या धक्क्यानंतर सोवळ्याने नानांचा ताबा घेतला. बाहेरून आलेली प्रत्येक वस्तू धुतल्याशिवाय घरात यायची नाही आणि त्या धुण्याचा सगळा भार बायकामुलांवर. वाचताना आपण हसतो. पण हसता हसता जाणवतं की हे एका घाबरलेल्या माणसाचं चित्र आहे आणि त्याच्या भीतीची किंमत घरातली माणसं मोजताहेत. लक्ष्मीबाई हे कुठेही सांगत नाहीत. त्या फक्त कोण काय करत होतं ते सांगतात आणि प्रसंग संपला की थांबतात. तात्पर्य काढायला त्या मागे रेंगाळत नाहीत. विनोद आणि करुणा एकाच वाक्यात नांदतात ते या थांबण्यामुळे.

दुसरी गोष्ट मला या वेळी प्रकर्षाने दिसली ती नवऱ्याच्या उल्लेखाची. संपूर्ण पुस्तकात त्या नारायण वामन टिळकांना 'टिळक' म्हणतात. त्या काळातली बाई नवऱ्याचं नाव घेत नसे, 'हे' नाहीतर 'इकडून' म्हणून वेळ निभावून नेई. लक्ष्मीबाईंचं 'टिळक' मात्र ताठ उभं आहे. त्यात आदर आहे, पण त्या माणसाकडे दोन पावलं मागे सरून पाहणंही आहे. टिळक मोठे कवी, मोठ्या मनाचे, आणि घरात पैसा टिकू न देणारे. मनात आलं की न सांगता घर सोडून निघून जाणारे. हे सगळं त्या लिहितात. पण त्यांना आरोपीच्या पिंजऱ्यात उभं करत नाहीत आणि देव्हाऱ्यातही बसवत नाहीत. माणूस जसा होता तसा पानावर उभा राहतो. नवऱ्याविषयी इतकं प्रेमाने आणि इतकं खरं लिहिणं फार थोड्यांना साधलं आहे.

१८९५ मध्ये टिळकांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला आणि पुढे ते नगरला मिशनच्या कामात आले. लक्ष्मीबाई मागे राहिल्या, नातेवाइकांच्या आधाराने, आपल्या लहान मुलाला, दत्तूला घेऊन. वियोगाची ही वर्षं हा पुस्तकाचा गाभा आहे. धर्मांतराच्या कथेत धर्मचर्चा असेल अशी आपली अपेक्षा असते. इथे मात्र पाणी आहे, चूल आहे, कुणाच्या हातचं खायचं हा प्रश्न आहे. त्या नवऱ्याजवळ राहायला आल्या तेव्हाही काही काळ वेगळी चूल आणि वेगळं पाणी सांभाळत होत्या. त्यांचं मन बदललं ते ग्रंथ वाचून नव्हे. रोजच्या जगण्यात, स्वतःच्या अनुभवाने आणि विचाराने त्या एकेक भिंत ओलांडत गेल्या. माणसामाणसांतले भेद माणसांनीच केलेले आहेत, हे एकदा पटल्यावर त्यांनी मागे पाहिलं नाही. १९०० मध्ये त्यांनीही बाप्तिस्मा घेतला. नवरा गेला त्या वाटेने बायको गेली, एवढ्यावर ही गोष्ट संपत नाही. तो एका ओढीने गेला, ती पाच वर्षं विचार करून स्वतःच्या पायांनी गेली. हा फरक पुस्तक न बोलता दाखवतं आणि तिथे लक्ष्मीबाईंची उंची कळते.

पुढचं नगरचं घर म्हणजे आल्यागेल्याचा राबता. आपली मुलं, दुसऱ्यांची मुलं, आश्रयाला आलेले विद्यार्थी. बालकवी ठोंबरे याच घरात राहिले. मराठी निसर्गकवितेचा एवढा मोठा कवी इथे घरातल्या लाडक्या, हट्टी पोराच्या रूपात भेटतो. त्याच्या कवितेचा गौरव करणारे अनेक झाले. तो जेवला का, रुसला का, हे ठाऊक असणारी मात्र ही एक बाई होती. वाङ्मयाच्या इतिहासातली ही जागा आईच्या नजरेशिवाय भरली नसती.

'स्मृतिचित्रे' वाचून झाल्यावर 'गुबार-ए-खातिर' हाती घेतलं. ९ ऑगस्ट १९४२ रोजी काँग्रेसचे नेते पकडले गेले आणि त्यांपैकी अनेकांना नगरच्या भुईकोट किल्ल्यात आणून ठेवलं. नेहरू, वल्लभभाई पटेल, आझाद, आचार्य नरेंद्र देव, शंकरराव देव अशी मोठी माणसं तिथे होती. आझादांनी तिथे आपले स्नेही हबीबुर रहमान खान शेरवानी यांना पत्रं लिहिली. ती पाठवता येणार नाहीत हे ठाऊक असूनही लिहिली. १९४६ मध्ये त्यांचं पुस्तक झालं. उर्दू गद्याचा हा मानदंड मानला जातो. मी नागरी लिपीत वाचलं. फारसी शब्दांपाशी अडखळत, पण सोडावंसं वाटलं नाही.

या पत्रांतला काळ बहुधा पहाटेचा. आझाद सगळ्यांच्या आधी उठत, स्वतःचा चिनी चहा स्वतः करत आणि दूध न घालता सावकाश पीत लिहायला बसत. चहावर त्यांनी ज्या तन्मयतेने लिहिलं आहे, ते वाचताना मला कळलं की हा चहा त्यांचं स्वातंत्र्य आहे. दिवसाचे बाकीचे तास तुरुंगाचे, ही पहाट त्यांची. घर जागं होण्याआधीची वेळ जपणाऱ्या कुठल्याही बाईला हे समजावून सांगावं लागणार नाही.

माझ्या मुलीला आवडलं ते चिमण्यांचं प्रकरण. आझादांच्या खोलीच्या छतात चिमण्या घरटी करतात, काड्या-कचरा खाली पाडतात. मौलाना छत्री आणि बांबू घेऊन त्यांच्यावर चाल करतात, आणि या लढाईचं वर्णन इतिहासकाराच्या गंभीर भाषेत करतात. एवढा मोठा पंडित चिमण्यांपुढे हार मानतो आणि मग तह करतो. तांदळाचे दाणे टाकायचे, रोज थोडे आपल्या जवळ आणायचे, अंग हलवायचं नाही. हळूहळू त्या हातावरचे दाणे टिपू लागतात. तो त्यांना नावं देतो: मोती, कलंदर, मुल्ला. प्रत्येकीचा स्वभाव वेगळा टिपतो. शेवटी मोतीचं पिल्लू उडायला शिकतं तो भाग येतो. आई पुनःपुन्हा बोलावते, पिल्लू भेदरून बसून राहतं, आणि एका क्षणी आपल्याला पंख आहेत याची जाणीव होऊन झेप घेतं. बंद किल्ल्यात बसलेला माणूस हे लिहितो आहे, हे लक्षात आलं की त्या झेपेचा अर्थ आपोआप मोठा होतो. लेखकाने तो ओढूनताणून आणलेला नाही, आधी चिमणीला चिमणी म्हणून पुरतं पाहिलं आहे.

याच पुस्तकात एप्रिल १९४३ मधलं पत्र आहे. आझादांची पत्नी जुलेखा बेगम कलकत्त्यात आजारी होत्या, तिथेच वारल्या. सरकारकडे सवलत मागायची नाही, हा आझादांचा निर्धार होता. ते रोजच्या वेळी जेवायला येतात, रोजच्यासारखे बोलतात, वर्तमानपत्राची वाट पाहत असल्याचं दिसू देत नाहीत, आणि मग स्वतःच लिहितात की ही शांतता म्हणजे सोंग होतं. चिमण्यांवर पानंच्या पानं लिहिणारी लेखणी इथे वाक्यं मोजून टाकते. तो संयम मनाला भिडतो. तरीही 'स्मृतिचित्रे' नुकतंच वाचलेलं असल्याने माझं मन किल्ल्यात थांबलं नाही, ते कलकत्त्याच्या घरात गेलं. वाट पाहणाऱ्या जुलेखा बेगमांनी लिहिलं असतं तर काय लिहिलं असतं? त्यांची पानं आपल्याकडे नाहीत. लक्ष्मीबाईंची आहेत. ध्येयासाठी निघून गेलेल्या माणसाच्या मागे घरात काय घडतं, हे त्यांनी लिहून ठेवलं. ही दोन पुस्तकं शेजारी ठेवली की एक दुसऱ्याची न लिहिलेली बाजू सांगू लागतं.

याच किल्ल्यात १९४४ च्या एप्रिल ते सप्टेंबरमध्ये नेहरूंनी 'डिस्कव्हरी ऑफ इंडिया' लिहिलं. सिंधू संस्कृतीपासून स्वातंत्र्यलढ्यापर्यंतचा हा पट. पण त्याच्या आरंभीच्या भागात नेहरू आधी पत्नीच्या आजारपणाकडे जातात. युरोपातल्या आरोग्यधामात खंगत चाललेल्या कमला, आणि आपण तिला पुरेसं ओळखलं का, हा त्यांचा स्वतःला विचारलेला प्रश्न. कमला नेहरू २८ फेब्रुवारी १९३६ रोजी गेल्या. लक्ष्मीबाई २४ फेब्रुवारी १९३६ रोजी गेल्या होत्या, त्याच आठवड्यात. देशाच्या शोधाला निघालेल्या लेखकाला आधी घराचा हिशेब मांडावासा वाटला, ही मला या पुस्तकातली सर्वांत प्रामाणिक गोष्ट वाटते.

या ग्रंथावरची 'भारत एक खोज' ही मालिका दूरदर्शनवर १९८८ पासून दाखवली गेली. तिचे ५३ भाग आता इंटरनेटवर पाहता येतात. आम्ही रात्रीच्या जेवणानंतर थोडे थोडे पाहतो. ऋग्वेदातल्या नासदीय सूक्ताचा वसंत देव यांनी केलेला हिंदी अनुवाद आणि वनराज भाटियांचं संगीत सुरू झालं की मुलं हातातलं ठेवून येतात. रोशन सेठ यांचे नेहरू बोलतात आणि ओम पुरी कधी निवेदक, कधी अशोक, कधी औरंगजेब होतात. तोच नट इतक्या काळांतून फिरताना पाहून माझ्या मुलाला प्रश्न पडला की राजे बदलतात तरी माणूस तोच कसा. बेनेगलांना बहुधा हेच विचारायला लावायचं होतं. महाभारताच्या भागांत तीजनबाई पंडवानी गातात. हातात तंबुरा, आणि एकटी बाई सगळं कुरुक्षेत्र उभं करते. मोठमोठ्या सेटांपेक्षा तो तंबुरा अधिक लक्षात राहतो.

नगरकरांसाठी या मालिकेत एक ठेवा आहे. महात्मा फुल्यांची भूमिका सदाशिव अमरापूरकरांनी केली आहे. 'अर्धसत्य'मधला रामा शेट्टी आणि 'सडक'मधली महाराणी यांनी देशाला धडकी भरवणारा हा आमच्या गावचा नट. तोच चेहरा, तोच आवाज इथे जोतिरावांच्या कळवळ्यासाठी वापरलेला पाहिला की नटाची खरी ताकद कळते. शिवाय सावित्रीबाईंनी शिक्षिकेचं प्रशिक्षण नगरमध्ये मिस फरार यांच्याकडे घेतलं होतं. इतिहासाच्या तासाला पाठ केलेली नावं आपल्या रस्त्यांवरून चालत होती, हे मुलांना त्या रात्री पहिल्यांदा जाणवलं.

या तिघांत क्रम लावायचा तर मी 'स्मृतिचित्रे' पहिलं ठेवीन. मालिका डोळे उघडते आणि 'गुबार-ए-खातिर' मन निववतं. लक्ष्मीबाई मात्र त्या दोन्हींना पुरं करतात. किल्ल्यातल्या माणसांनी देशाविषयी लिहिलं, त्यांच्यापाशी भाषा होती, विद्या होती, आणि बंदिवासाने का होईना, वेळही होता. लक्ष्मीबाईंनी राबत्या घरातून लिहिलं आणि तरी त्या कुठेही उण्या पडत नाहीत.

माझ्यासारख्या वेळेच्या ओढीत असलेल्या मैत्रिणींना एवढंच सांगेन: मोकळा वेळ मिळण्याची वाट पाहू नका. 'स्मृतिचित्रे' हाताशी ठेवा, एका वेळी एकच प्रसंग वाचा, आणि तो जेवताना मुलांना आपल्या शब्दांत सांगा.