कोऱ्या फॉर्मातली चूक

आमच्या ब्रँचच्या कपाटात खालच्या फळीवर काही फॉर्म असे आहेत, की छापून आल्यापासून ते कुणी भरलेच नाहीत. भरले नाहीत म्हणून त्यांत चूकही नाही, असा वरच्या मंडळींचा समज!

माझा भाचा मिहानमध्ये सी-प्लस-प्लसचे प्रोग्रॅम लिहितो. त्याच्याकडेही असे कोरे फॉर्म असतात. त्यांना टेम्प्लेट म्हणतात. मजकूर एकाने लिहायचा, गाळलेल्या जागा पुढे दुसऱ्याने भरायच्या. तपासणारा हेडक्लार्क म्हणजे कंपायलर. आता सवाल असा, की हेडक्लार्कने कोरा फॉर्म वाचावा की नाही?

वाचावा, राजेहो! फॉर्मात 'रकाना 17 पाहा' छापलंय आणि फॉर्म संपतो 16 वर. ही चूक दिसायला अर्जदार कशाला हवा? हं, 'शिंगांची लांबी' हा रकाना बरोबर की चूक, हे मात्र अर्जदार म्हैस घेतोय की स्कूटर, ते कळल्याशिवाय सांगता यायचं नाही. तिथे थांबणं रास्त. जीसीसी नावाचा कंपायलर 2004 पासून अशी दोनदा तपासणी करतो. मायक्रोसॉफ्टचा मात्र 2017 पर्यंत कोरा फॉर्म जवळजवळ न वाचताच बाजूला ठेवी.

भाषेच्या 1998 च्या नियमपुस्तकाची तर कमालच आहे. जो फॉर्म कुणालाच, कधीच भरता येणार नाही, तो चुकीचा; पण तसं सांगायचं बंधन कंपायलरवर नाही! हे कलम लिहिणारा गृहस्थ नक्की बँकेत असणार.

2025 मध्ये जीसीसीच्या पंधराव्या आवृत्तीत एक बटण आलं. ते दाबलं, की कोऱ्या फॉर्मातल्या चुकांबद्दल कंपायलर फॉर्म भरेपर्यंत चूप.

"काऊन रे?" मी विचारलं.

"मामाजी, जुन्या लायब्रऱ्यांत कुणीच न भरणारे फॉर्म पडलेत. त्यांच्यापायी आजचं काम अडते ना!"

हेही खरंच. पण त्याच सोयीत दुसरी तऱ्हाही आहे : चुकीची नुसती वॉर्निंग करायची. काम चालू, शेरा कायम. आपल्याला ही पसंत. तोंडच बांधलं, तर चूक करतो लिहिणारा आणि निस्तरतो भरणारा. पडदाभर लांबलचक तक्रारी त्या बिचाऱ्यापुढे येतात, त्याही त्याने न लिहिलेल्या ओळींबद्दल. लिहिणाऱ्याला विचारावं, तर तो तोवर नोकरी बदलून पुण्याला गेलेला असतो.