बापूची खोली पुरत नाही

आजचा विषय आहे समलिंगी व्यक्तींची चळवळ आणि आपलं साहित्य. विषय मोठा आहे, वेळ थोडा. म्हणून मी एकच नाटक घेतो, विजय तेंडुलकरांचं ‘मित्राची गोष्ट’. १९८१ साली ते रंगमंचावर आलं. दिग्दर्शन विनय आपटे यांचं, आणि मित्राच्या भूमिकेत रोहिणी हट्टंगडी.

कथा थोडक्यात सांगतो. काळ स्वातंत्र्याच्या आधीचा, वातावरण कॉलेजचं. सुमित्रा देव, म्हणजे मित्रा, एका नाटकात पुरुषाची भूमिका करते आणि त्यातल्या नायिकेवर, नमावर, तिचा जीव जडतो. तिचं हे गुपित ती बापूला सांगते. तो दोघींना भेटायला आपली खोली देतो, लोकांची टिंगल सोसतो. तरी शेवटी मित्रा आत्महत्या करते.

मी वर्गात हे नाटक वर्षानुवर्षं सहानुभूतीचं उदाहरण म्हणून शिकवलं. तेंडुलकरांनी त्या काळात मित्राला ना विकृत ठरवलं, ना विनोदाचा विषय केलं, हे मोठंच होतं. आजही ते मी नाकारत नाही. पण एकदा तास संपल्यावर एक विद्यार्थिनी मागे थांबली. म्हणाली, “सर, मित्राला खोली मिळाली. पण तिच्यासारखी दुसरी कुणी तिला कुठे भेटली असती?” मला उत्तर देता आलं नाही. आजचं व्याख्यान म्हणजे त्या प्रश्नाचं उशिरा दिलेलं उत्तर समजा.

ॲरिस्टॉटल म्हणतो, मैत्री असेल तिथे न्यायाची वेगळी गरज पडत नाही. बापूकडे बघा. मैत्री आहे, आणि चांगली भरभक्कम आहे. पण ती पुरत नाही. कारण मित्राचं सगळं जगणं एका माणसाच्या चांगुलपणावर टांगलेलं आहे. तो थकला, चिडला, बदलीवर गेला, की संपलं! ज्याला कुणाच्या तरी मेहेरबानीवर जगावं लागतं तो समान नसतो, आश्रित असतो. सहानुभूती आणि समता यांच्यातला फरक तो हाच.

नाटकाची मर्यादाही इथेच आहे. मित्राची गोष्ट आपल्याला सांगतो कोण? बापू. ती जे बोलते ते त्याच्या आठवणीतून आपल्यापर्यंत येतं. तिच्यासारखं दुसरं माणूस रंगमंचावर येतच नाही. आता कुणी म्हणेल, त्या काळी कुठे होतं असं कुणी? होतं हो, पण एकमेकांना ठाऊक नव्हतं. एकटेपण हा मित्राचा स्वभाव नव्हे, तिच्याभोवतीची ती व्यवस्था आहे. नाटकाने ते तिच्या नशिबासारखं रंगवलं.

संघटना नेमकं हे एकटेपण मोडते. १९९० मध्ये मुंबईत ‘बॉम्बे दोस्त’ हे नियतकालिक निघालं, १९९४ मध्ये हमसफर ट्रस्ट उभा राहिला. पुण्यात २००२ मध्ये बिंदुमाधव खिरे यांनी समपथिक ट्रस्ट सुरू केला, आणि मराठीतून पुस्तकं लिहिली. मराठीतून, हे महत्त्वाचं. आईला सांगायचं तर शब्द आईच्या भाषेतलाच लागतो ना!

पण टीकेचा न्याय सगळ्यांना सारखाच लावू. त्या काळात अशा कामाला बराचसा पैसा एचआयव्ही प्रतिबंधासाठी मिळायचा, त्यामुळे भर पुरुषांवर राहिला. मित्रा तर बाई होती. स्त्रियांसाठी ‘स्त्री संगम’ हा गट मुंबईत १९९५ मध्ये सुरू झाला. म्हणजे रंगमंचावर मित्रा मेली, त्यानंतर चौदा वर्षांनी.

याचा न्यायालयाशी काय संबंध, असं विचाराल. २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने कलम ३७७ कायम ठेवलं. त्यातलं एक कारण असं, की हे लोक देशात अगदी थोडे, आणि दीडशे वर्षांत खटलेही दोनशेच्या आतच. आता बघा, मित्रा या मोजणीत कुठे आली असती? तिच्यावर खटला झाला नव्हता. चिठ्ठी उघड होण्याची भीती पुरेशी होती. लपायला भाग पाडायचं आणि मग म्हणायचं, तुम्ही दिसतच नाही! हा तर्कदोष २०१८ च्या निकालाने दुरुस्त केला. पण त्या निकालापर्यंत पोचायला नावानिशी उभी राहणारी माणसं लागली, आणि त्यांच्या पाठीशी वर्षानुवर्षं दर आठवड्याला बैठका घेणारे लागले.

२०२३ मध्ये लग्नाचा हक्क मात्र न्यायालयाने दिला नाही, तो प्रश्न संसदेकडे सोपवला. म्हणजे काम पुन्हा गल्लीत, सोसायटीत, कॉलेजात आलं.

तेव्हा ‘मित्राची गोष्ट’ जरूर वाचा. बापूसारखं वागता आलं तर वागाच. फक्त तेवढ्यावर समाधान मानू नका. आपण खोली दिली म्हणून कुणाचं आयुष्य आपल्या हातात राहू नये. तिला स्वतःच्या नावाने खोली भाड्याने मिळाली पाहिजे, आणि शेजारच्या खोलीत तिच्यासारखं कुणी राहत असेल तर ते तिला कळलं पाहिजे. त्या विद्यार्थिनीला मी आज एवढंच सांगेन.

प्रश्न असतील तर घेऊ.