परिषदेचे नाव आणि परिषदेचा खर्च

ज्याची मूळ आज्ञावली कोणालाही वाचता, बदलता आणि इतरांना देता येते, ते मुक्त सॉफ्टवेअर. ते घडविणारे बहुतेक स्वयंसेवक जगभर विखुरलेले असतात आणि एकमेकांना केवळ ई-मेलमधून ओळखतात. त्यांची प्रत्यक्ष भेट व्हावी म्हणून वार्षिक परिषदा भरतात. अशा दोन परिषदांची नावे व आखणी आपण तपासून पाहू.

पहिली ग्नोम प्रकल्पाची. संगणकाच्या पडद्यावरील खिडक्या, चित्रे, याद्या यांची मांडणी करणारा हा प्रकल्प. त्याच्या परिषदेचे नाव ग्वाडेक. 'ग्नोमचे वापरकर्ते व विकसक यांची युरोपीय परिषद' या अर्थाच्या इंग्रजी शब्दांची ही आद्याक्षरे. २००० साली ती पॅरिसला प्रथम भरली, तेव्हा नाव अचूक होते. पण २०२२ साली ती मेक्सिकोतील ग्वादालाहारा येथे आणि २०२४ साली अमेरिकेतील डेन्व्हर येथे भरली. परिषद युरोपाबाहेर गेली हे योग्यच झाले. 'युरोपीय' हा शब्द मात्र नावात अडकून राहिला. सुरुवातीचा पत्ता नावात घालण्याची ही चूक आहे.

दुसरी परिषद डेबियन या कार्यप्रणालीची. इयान मर्डॉक यांनी १९९३ साली हा प्रकल्प सुरू केला. त्याच्या परिषदेचे नाव डेबकॉन्फ आणि पुढे केवळ क्रमांक. २००० साली फ्रान्समधील बोर्दो येथे भरलेली परिषद शून्यावी मानली जाते. त्यामुळे क्रमांक आणि वर्ष आपोआप जुळले. २०२३ साली कोचीला भरली ती तेविसावी. हे नाव कोणत्याही देशाचा दावा करीत नाही, म्हणून खोटे ठरत नाही. मात्र नवख्या विद्यार्थ्याला त्यातून काहीच बोध होत नाही, हा त्यातील उणेपणा आम्हाला जाणवतो.

तो उणेपणा आखणीने बराचसा भरून निघतो. निरनिराळ्या शहरांतील स्वयंसेवक यजमानपदासाठी प्रस्ताव देतात व त्यांतून निवड होते. ज्यांना खर्च परवडत नाही त्यांना निवास, भोजन व प्रवास यांसाठी मदत मागता येते. भाषणांचे थेट प्रक्षेपण होते आणि चित्रफिती सर्वांसाठी खुल्या राहतात. तरीही व्हिसा न मिळालेला माणूस घरीच राहतो. आणि जेवणाच्या टेबलावर सुटणाऱ्या अडचणी चित्रफितीत येत नाहीत. २०२० साली हैफा येथे ठरलेली परिषद महासाथीमुळे पूर्णपणे इंटरनेटवर घ्यावी लागली. म्हणून जागा बदलत राहणे आवश्यकच आहे. कोचीमुळे भारतीय स्वयंसेवकांना ती व्हिसाविना गाठता आली.

आपल्याकडे 'राष्ट्रीय', 'आंतरराष्ट्रीय' हे शब्द चर्चासत्रांच्या फलकांवर सहज चढतात. शाळांची विज्ञान प्रदर्शनेही 'जिल्हास्तरीय' असतात. तो शब्द लिहिण्यापूर्वी अंदाजपत्रक उघडून पाहावे. जिल्ह्याच्या टोकाच्या वाडीवरील शाळेतल्या मुलांच्या एस. टी. भाड्याची आणि रात्रीच्या मुक्कामाची तरतूद त्यात नसेल, तर प्रदर्शन तालुक्याच्या गावापुरतेच आहे. मग फलकावरही तेवढेच लिहावे, किंवा भाड्याची सोय करावी. आम्ही दुसरा मार्ग सुचवू.