उजळणी आणि मोजणी

मराठी मुलाच्या हाती पडणारे पहिले पुस्तक बहुधा अंकलिपी हेच असते. दिवाळी अंकांतून कादंबऱ्यांची आणि काव्यसंग्रहांची परीक्षणे आपण आवडीने वाचतो. मग ज्या पुस्तकातून घरोघरी गणिताशी पहिली ओळख होते, त्याचे गुणदोष पाहायला काय हरकत आहे? पहिली ओळख बिघडली की पुढचा स्नेह जमणे कठीण. ‘मला गणित येत नाही’ हा निकाल कित्येक मुले शाळेची पायरी चढण्यापूर्वीच स्वतःविरुद्ध देऊन बसतात.

अंकलिपीची मांडणी सुटसुटीत आहे. आधी आकडे, मग शंभरापर्यंतची उजळणी, मग पाढे. दोष मांडणीत नसून क्रमात आहे. ती गणिताचा आरंभ आकड्यापासून करते. मूल मात्र वस्तूपासून करते. चार वर्षांच्या मुलापुढे पाच लाडू ठेवा. तो बोट लावून पाचापर्यंत बिनचूक म्हणेल. लगेच विचारा, ‘मग लाडू किती?’ पुष्कळदा तो पुन्हा एकपासून सुरुवात करतो. त्याला शब्द येतात, पण शेवटचा शब्द हा शेवटच्या लाडवाचे नाव नसून साऱ्या लाडवांची संख्या आहे, हे अजून उमगलेले नसते. अशा मुलाकडून पाहुण्यांसमोर शंभरापर्यंत म्हणवून घेण्यात कौतुक होते ते पाठांतराचे, गणिताचे नव्हे.

हा क्रम उलटवण्याचे मोठे काम मारिया माँटेसरीबाईंनी केले. 1907 साली रोममध्ये त्यांचे पहिले बालगृह निघाले. त्यांच्या साधनांत दहा सेंटिमीटरांपासून एक मीटरपर्यंत चढत जाणारे दहा दांडे आहेत. मूल ते उचलते, लावते, तेव्हा दहा हे एकाहून किती मोठे, हे त्याच्या हातांना कळते. आकड्याची खूण त्यानंतर येते. दुसरे साधन चात्यांच्या पेटीचे. शून्यापासून नऊपर्यंतचे कप्पे आणि बरोबर पंचेचाळीस चात्या. कुठे चूक झाली तर शेवटच्या कप्प्यात चाती कमी पडते किंवा एखादी उरते. चूक बाईंनी सांगावी लागत नाही, पेटीच सांगते. शून्याचा कप्पा मात्र रिकामाच राहतो, आणि ‘काही नाही’ यालाही जागा असते हे पाहून मुलांना मोठी मौज वाटते.

पण अशी साधने गरिबांच्या आवाक्याबाहेरची. भावनगरला गिजुभाई बधेका यांच्याबरोबर काम केलेल्या ताराबाई मोडक यांनी 1945 साली बोर्डीला बालशिक्षणाचे केंद्र काढले आणि 1957 साली ते कोसबाडला नेले. अनुताई वाघ त्यांच्या सहकारी होत्या. तिथे पाने, बिया, शिंपले, खडे हीच साधने झाली. संख्या महागड्या लाकडात वसत नाही, हे या बायांनी आदिवासी मुलांच्या संगतीत दाखवून दिले.

याचा अर्थ पाढे टाकाऊ आहेत असा नव्हे. त्यांना ताल आहे आणि पुढच्या वयात त्यांचा उपयोगही आहे. मात्र मराठी संख्यानामे अवघड आहेत हे मान्य करायला हवे. त्रेपन्न म्हणताना तीन आधी, लिहिताना पाच आधी! 2019 साली बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकात ‘पन्नास तीन’ अशा वाचनाची सोय केली, तेव्हा केवढा वाद पेटला. पण शाळेत न गेलेल्या मुलासाठी हा वादच गैरलागू आहे. त्याला दहा पुरेत, पण ते पक्के हवेत.

आता रंगीत चित्रफिती आल्या आहेत. त्यांत आकडे नाचतात, गातात. मुले रमतात हे खरे. पण ती रमतात नाचात. गणित कडू आहे असे गृहीत धरून त्याला साखरेत घोळवण्याचा हा प्रकार. वास्तविक गोडी संख्येतच आहे. पानांवर माणशी एक वाटी मांडताना ‘किती कमी पडल्या?’ हा प्रश्न खरा असतो, कारण वाटी न मिळालेला माणूस समोर बसलेला असतो. सागरगोटे, सापशिडी, ठिपक्यांची रांगोळी, कट्ट्यावरच्या पणत्या यांतून जे घडते, ते अंकलिपीच्या पानावर घडत नाही.

जाँ पियाजे यांनी 1941 सालच्या ग्रंथात दाखवले, की मुलासमोर सारख्याच वस्तूंची एक ओळ पसरून लांब केली, की लहान मूल तीत अधिक वस्तू आहेत असे म्हणते. पुढे कधीतरी तेच मूल पणत्या जवळ ठेवा की लांब, त्या तेवढ्याच राहतात असे आपण होऊन सांगते. तो शोध त्याचा स्वतःचा असतो. अंकलिपी कपाटात राहू द्यावी; तिची वेळ त्यानंतर येते.